बोइंग सातशे सात आणि आपण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'बोइंग' असे सांगितले. ते थोडे बुचकळ्यात पडले. कामगार चळवळीतला माणूस म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार, अशी आपल्या समाजाची समजूत आहे. आणि ती अगदीच खोटी आहे असे नाही. परंतु अंधेरी, घाटकोपर, कुर्ला या भागांत राहणाऱ्या माणसाला विमान हा परका विषय कसा असेल? मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारे विमान घाटकोपर-असल्फ्याच्या डोक्यावरून येते. आमच्याकडे चाळीत दोन माणसे बोलत असली आणि वरून विमान आले, की दोघेही तोंड मिटतात, विमान जाऊ देतात आणि अर्धे राहिलेले वाक्य तेथूनच पुढे चालू करतात. ही सवय आम्हांला इतकी जडली आहे की गावी गेल्यावर दुपारच्या शांततेत चुकल्यासारखे वाटते.

तर आज आपण एका जुन्या विमानाविषयी आणि त्या विमानावर जीव टाकणाऱ्या माणसांविषयी बोलू.

अशी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. कोणी बँकेत नोकरीला असतात, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर. सुटीच्या दिवशी जरीमरीला जाऊन, भिंतीलगत उभे राहून ती उतरणारी विमाने पाहत असतात. त्यांच्या घरी जुनी वेळापत्रके, जेवणाच्या यादीची रंगीत पत्रके, सामानाला बांधायची लेबले असा खजिना असतो. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातलेला तो कमरेत वाकलेला मिशाळ महाराजा यांच्या कपाटात नाना रूपांनी बसलेला असतो. साल्वादोर दाली या नामांकित चित्रकाराने १९६७ साली एअर इंडियासाठी केलेली रक्षापात्रे तर आज लिलावात विकली जातात. दालीने त्या कामाचे मानधन म्हणून हत्तीचे पिल्लू मागितले, आणि ते विमानाने युरोपात पाठवण्यात आले. ही गोष्ट सगळे हौशी लोक मोठ्या चवीने सांगतात. पिल्लाला विमानात चढवणारे आणि त्याच्याखालचे साफ करणारे हात मात्र त्या गोष्टीत कधी येत नाहीत. असो.

२०२४ च्या २२ एप्रिलला एअर इंडियाच्या जुन्या जंबोंपैकी 'आग्रा' नावाचे विमान मुंबई सोडून कायमचे अमेरिकेला गेले. उडाल्यावर वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे हलवून शहराचा निरोप घेतला, तेव्हा या मंडळींच्या डोळ्यांना पाणी आले. परंतु त्यांच्यातल्या मुरलेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, जंबो ठीक आहे, पण खरे विमान म्हणजे सातशे सात! चार इंजिने, सडपातळ अंग, मागे ओढलेले पंख, मागे धुराचा काळा पट्टा आणि ती कानठळ्या बसवणारी शीळ. आम्ही या लोकांची थट्टा करायला उभे राहिलेलो नाही. ज्याला यंत्राचे प्रेम आहे तो अर्धा फिटर असतो असे आम्ही मानतो. उरलेल्या अर्ध्या भागाविषयी मात्र आम्हांला त्यांच्याशी थोडे भांडायचे आहे.

आधी इतिहास. रात्रशाळेनंतरचे आमचे सगळे शिक्षण सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा इतिहास सांगताना आम्ही जरा रेंगाळतो, त्याला आपण सांभाळून घ्यावे.

जेट विमानातून तिकीट काढून प्रवास करण्याची सोय जगात प्रथम झाली ती २ मे १९५२ रोजी. विमान होते इंग्रजांचे कॉमेट आणि मार्ग होता लंडन ते जोहान्सबर्ग. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉमेट मुंबईमार्गे कोलंबोला जाऊ लागले. म्हणजे जेटयुग आपल्या दाराशी फार लवकर आले. पुढच्याच वर्षी, १५ जुलै १९५३ रोजी, एक मोठी मौज झाली. बी. ओ. ए. सी.चे एक कॉमेट सांताक्रूझ समजून जुहूच्या विमानतळावर उतरले! जुहूची ती छोटी धावपट्टी, जेथे १९३२ साली जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन लहानशा विमानाने उतरले होते, तेथे हे जेट येऊन उभे राहिले. ते तेथून बाहेर काढायला नऊ-एक दिवस लागले. आणि बोध घ्यायचा तो न घेता, १९७२ च्या सप्टेंबरात जपानच्या एका डीसी-८ जेटने तीच चूक पुन्हा केली. या वेळी विमान धावपट्टीबाहेर जाऊन मोडले, सुदैवाने माणसे वाचली.

कॉमेट दिसायला देखणे होते. परंतु त्याचे आयुष्य दुःखाचे ठरले. २ मे १९५३ रोजी, म्हणजे जेटसेवेच्या बरोबर पहिल्या वाढदिवशी, कलकत्त्याहून उडालेले एक कॉमेट वादळात मोडून पडले आणि त्यातली ४३ माणसे गेली. १९५४ च्या जानेवारीत एक एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये दुसरे नेपल्सजवळ समुद्रात कोसळले. तेव्हा इंग्लंडातल्या फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनी एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवले आणि आतला दाब वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा, असे हजारो वेळा केले. शेवटी विमानाची कातडी भोकाच्या कोपऱ्यापासून टरकली. निष्कर्ष निघाला: धातू थकतो. एकदाच फार मोठा भार पडला म्हणून तो तुटत नाही. सोसण्याइतकाच भार पुन्हा पुन्हा पडत राहिला की आत केसाएवढी चीर पडते, आणि ती चीर एके दिवशी सगळे संपवते. आपल्याकडेही १२ ऑक्टोबर १९७६ रोजी सांताक्रूझला इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल जळून पडले आणि ९५ जण दगावले, त्याच्या मुळाशी इंजिनातल्या एका चकतीला पडलेली अशीच थकव्याची चीर होती.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. धातूचा थकवा मान्य करून घ्यायला एवढी टाकी बांधावी लागली, चौकशी न्यायालय बसवावे लागले. वैमानिकाने किती तास उडावे याचेही नियम आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. परंतु त्याच विमानाच्या पोटात गुडघ्यांवर बसून बॅगा रचणाऱ्या माणसाच्या कमरेत जी चीर पडते, तिच्यासाठी कोणी टाकी बांधली नाही.

एअर इंडियानेही कॉमेटची सुधारलेली तिसरी आवृत्ती मागवली होती. पुढे तो बेत रद्द झाला आणि बोइंगची निवड झाली. पहिले सातशे सात १९६० च्या फेब्रुवारीत मुंबईत आले. एप्रिलमध्ये ते लंडनला जाऊ लागले आणि १४ मे १९६० रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. त्याआधी आपली आंतरराष्ट्रीय उड्डाणे पंख्याच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांनी चालत. ती ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जात, तर बोइंग नऊशेच्या घरात. १९६२ च्या जूनमध्ये एअर इंडिया ही पंख्याची सर्व विमाने काढून टाकून केवळ जेट विमाने चालवणारी जगातली पहिली कंपनी ठरली. स्वातंत्र्य मिळून पंधरा वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या देशाला टाचणीही बाहेरून आणावी लागते असे हिणवले जाई, त्या देशाने हे केले. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या, म्हणजे तुमच्या आमच्या मालकीच्या कंपनीने हे केले, ही गोष्ट आम्ही मुद्दाम ठासून सांगतो. कारण हल्ली सरकारी धंदा म्हटले की नाक मुरडण्याची पद्धत पडली आहे.

आपल्या विमानांना हिमालयाच्या शिखरांची नावे दिलेली होती. सुरुवातीच्या विमानांची इंजिने मात्र अमेरिकन नव्हती. ती रोल्स-रॉइसची कॉनवे होती. आत घेतलेली काही हवा जळणाच्या कोठीतून न नेता बाजूने वळवून मागे सोडायची, ही जी आज सर्वत्र रूढ झालेली पद्धत आहे, तिचे प्रवासी सेवेत आलेले पहिले इंजिन हेच. इंग्लंडच्या अधिकाऱ्यांनी हट्ट धरल्यामुळे विमानाचे शेपूट उंच करण्यात आले आणि पोटाखाली मागच्या बाजूस एक उभी पट्टी बसवण्यात आली. हौशी माणूस त्या पट्टीवरून विमान ओळखतो. हँगरमधला माणूस ते इंजिनाच्या तोंडावरून, तेलाच्या वासावरून आणि कोणती चाकी नेहमी कुरकुरते त्यावरून ओळखत असे.

आता आपण विमानाच्या वरच्या मजल्यावरून खाली उतरू.

सातशे सातच्या पोटात सामान ठेवायची जागा बुटकी. पुढे जंबो आले, त्याबरोबर मोठे पेटारे आले; पेटारा यंत्राने उचलायचा आणि आत ढकलायचा. सातशे सातला ती सोय नाही. प्रत्येक बॅग हाताने आत द्यायची, आतल्या माणसाने ती ओणव्याने किंवा गुडघ्यांवर बसून घ्यायची, ढकलत टोकापर्यंत न्यायची आणि विटा रचाव्यात तशी रचायची. मे महिन्याच्या दुपारी बाहेर डांबर वितळते, तेव्हा त्या ॲल्युमिनियमच्या पोटात काय होत असेल याची कल्पना करा. बाहेर शेजारच्या विमानाची इंजिने चालू. तेल भरणारे, शिडी लावणारे, संडासाची टाकी उपसणारे, टग चालवणारे, चाकांना ठोकळे लावणारे हे सगळे त्या आवाजात. कानांना लावायच्या टोप्या सर्वांना मिळत असे नाही. मिळाल्या तरी त्या लावून मुकादमाची हाक ऐकू येत नाही, आणि हाक ऐकू आली नाही तर टगखाली सापडण्याची भीती. तेव्हा बरेच जण कापसाचे बोळे घालत.

आमच्या कचेरीत एक निवृत्त लोडर येतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. ते कोणत्या कंपनीत होते ते आम्ही सांगत नाही. त्या काळी सांताक्रूझला जगातल्या अनेक कंपन्यांची जेटे उतरत. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचे कान एकदम जात नाहीत. आधी बारीक, उंच सूर जातात: दाराची घंटा, चिमणी, नातवंडाची हाक. बोललेले ऐकू येते, पण 'स' आणि 'त' यांतला फरक कळत नाही. घरचे म्हणतात, दादांना हवे तेवढेच ऐकू येते. अशा बहिरेपणाची नोंद कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आणि कामगार विम्याच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून झालेली होती. दादांचा दावा आम्ही तयार करू लागलो तेव्हा अडचण आली ती अशी. नोकरीला लागताना त्यांचे कान तपासलेले नव्हते, मध्ये कधी तपासले नव्हते, आणि ज्या जागी ते उभे राहत तेथला आवाज कोणी मोजून लिहून ठेवलेला नव्हता. कागद नाही म्हणजे आजार नाही. वकिलांनी फाइल परत दिली.

एकदा आमचा एक तरुण कार्यकर्ता, तो या हौशी मंडळींतला, दादांना दाखवायला म्हणून सातशे सातच्या आवाजाची ध्वनिफीत घेऊन आला. त्याला वाटले, म्हातारा खूश होईल. त्याने यंत्र लावले. खोलीभर ती शीळ घुमू लागली. आमच्याही अंगावर काटा आला. दादा डोके तिरपे करून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "घरघर येतेय रे, पण शीळ कुठाय? सातशे सातला शीळ होती." पोराने आवाज वाढवला. दादांनी हात हलवला. म्हणाले, "राहू दे. टेप खराब आहे तुझी."

त्याने यंत्र बंद केले. टेप खराब नव्हती.

परंतु थांबा. एवढ्यावरून जर आपण असा निकाल लावाल की कामगाराला त्या विमानाचा तिटकारा असणार आणि हौशी लोक तेवढे गोड आठवणीत रमलेले, तर तो चुकीचा ठरेल. दादांनाच विचारा. त्यांच्या घरी भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी सातशे सातचे कॅलेंडरचे चित्र चौकटीत घालून लावलेले आहे. "ते आमचे विमान होते" असे ते म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांची मान ताठ होते. ज्याने कान घेतले त्याच्यावर एवढे प्रेम का, हा प्रश्न आम्हांला कित्येक वर्षे पडला आहे. आमचे उत्तर असे: त्या विमानाबरोबर त्यांना पगारी रजा होती, भविष्यनिर्वाह निधी होता, दरवर्षी वाढणारा पगार होता, आणि आज संध्याकाळी लावलेली चाकी उद्या सकाळी आपणच काढणार ही खात्री होती. सांताक्रूझ-कालिन्याच्या कारखान्यांत विमानाचे इंजिन उघडून, पुसून, जोडून पुन्हा चालू करण्याचे काम आपली माणसे शिकली. मिस्त्रीचा मुलगा अ‍ॅप्रेंटिस झाला, अ‍ॅप्रेंटिसचा चार्जहँड झाला. सातशे सातची हळहळ करताना हौशी माणूस विमान आठवतो आणि दादा कायमची नोकरी आठवतात. दोघेही बोट एकाच चित्राकडे दाखवत असतात, म्हणून घोटाळा होतो.

हवाई सुंदरींचेही तसेच. त्या काळच्या जाहिराती पाहा: रेशमी साडी, अंबाड्यात फूल, हात जोडलेले. ती चित्रे जमवणाऱ्यांपैकी किती जणांना नर्गेश मिर्झा हे नाव ठाऊक आहे? तेव्हाच्या नियमांप्रमाणे हवाई सुंदरीची नोकरी वयाच्या ३५ व्या वर्षी संपे. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केले तर तेव्हा संपे. आणि पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हाही संपे. यांपैकी जे आधी घडेल ते. मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारा पुरुष मात्र ५८ पर्यंत राहू शके. या बायका न्यायालयात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरवून रद्द केली आणि संचालकाची ती अमर्याद मर्जीही काढून घेतली. चार वर्षांतल्या लग्नाची अट मात्र न्यायालयाने योग्य मानली, आणि पुरुषांचा व बायकांचा संवर्ग वेगळा असल्याने वयातला फरकही चालतो असे म्हटले. म्हणजे निम्मी लढाई जिंकली, निम्मी पुढच्यांसाठी राहिली. आमच्या मते त्या निकालपत्राची एक प्रत त्या रंगीत जाहिरातींच्या संग्रहात ठेवली पाहिजे. संग्रहाची शोभा त्याने कमी होणार नाही.

आणि अपघात. हौशी मंडळी अपघातांविषयी हळू आवाजात बोलतात, ते त्यांच्या प्रेमाला शोभते. ७ जुलै १९६२ रोजी इटलीचे एक डीसी-८ जेट मुंबईला उतरण्याच्या बेतात असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व ९४ जण मृत्यू पावले. आपले 'गौरीशंकर', १९६० साली आलेल्या पहिल्या तीन बोइंगांपैकी एक, बावीस वर्षे राबून २२ जून १९८२ च्या रात्री मुसळधार पावसात सांताक्रूझलाच मोडले. १११ जणांपैकी १७ गेले. परंतु सगळ्यांच्या तोंडी असते ते 'कांचनजंगा'. २४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी ते जिनीव्हाला उतरायच्या तयारीत मॉन्ट ब्लँक पर्वतावर आदळले. पंधरा वर्षांपूर्वी, १९५० च्या नोव्हेंबरात, त्याच पर्वतावर एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' आदळले होते. 'कांचनजंगा'चे दिशा दाखवणारे एक यंत्र नादुरुस्त होते. जमिनीवरून नियंत्रकाने विमानाची जागा सांगितली, ती वैमानिकाने चुकीची समजून घेतली आणि शिखर मागे पडले असे मानून तो खाली येऊ लागला. ११७ माणसे गेली. त्यात होमी भाभा होते.

भाभांची हानी देशाची हानी होती, याबद्दल दुमत नाही. त्यांच्या मृत्यूभोवती नाना तर्ककुतर्क आजही चालतात. आम्ही त्या वाटेला जात नाही. आम्हांला सांगायचे आहे ते निराळे. त्या विमानात ४६ खलाशी होते. हिंदी खलाशी, जहाजावर कामाला रुजू होण्यासाठी निघालेले. म्हणजे प्रवाशांपैकी शंभरात चाळीसांहून अधिक माणसे कामगार होती, आणि कामावर जात होती. सातशे सात म्हणजे उंची पोशाखातली, काचेच्या पेल्यातून सरबत पिणारी माणसे, असे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते, त्यात हे ४६ जण कोठे बसवायचे? त्यांची तिकिटे जहाजकंपनीच्या खर्चाची असणार, बसायची जागा मागच्या भागात. सामानात बहुधा एक पेटी आणि एक वळकटी. पुढे सत्तरीच्या दशकात आखातात मजुरीला गेलेली आपली कोकणातली पोरेही याच जातीच्या विमानांत पहिल्यांदा चढली. जेट विमानाने श्रीमंताचा वेळ वाचवला हे खरे. पण मजुराला हजारो मैलांवर नेऊन कामाला जुंपणेही त्यानेच सोपे केले. सातशे सातच्या थोरवीत हे दुसरे काम कोणी मोजत नाही.

मॉन्ट ब्लँकवरची हिमनदी हळूहळू खाली सरकते आहे आणि तिने गिळलेल्या वस्तू परत देते आहे. २०१२ साली परराष्ट्र खात्याच्या टपालाची एक थैली सापडली. त्याच्या पुढल्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची पेटी मिळाली. २०२० च्या जुलैमध्ये जानेवारी १९६६ ची आपली वर्तमानपत्रे निघाली; इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याचा मथळा त्यांवर अजून वाचता येत होता. या सगळ्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या. पाचूंचे पुढे काय झाले, कोणाच्या वाट्याला किती आले, तेही छापून आले. एखाद्या खलाशाची पेटी निघाली असती तर तिची बातमी चार ओळींची झाली असती असे आम्हांला वाटते.

आता आपल्या गावाकडे, म्हणजे कालिन्याकडे, परत येऊ. विमानतळाच्या इमारती झाडणारे, पुसणारे, राखणारे लोक वर्षानुवर्षे ठेकेदारामार्फत घेतले जात. १९७६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने अशा कामातली ठेकेदारी बंद करण्याची अधिसूचना काढली. ती अधिसूचना मुंबईतल्या एअर इंडियाच्या ठेका कामगारांना लागू होते की नाही यावर लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ साली न्यायालय म्हणाले: लागू होते, आणि ठेकेदार गेला की कामगार मूळ मालकाचा होतो. त्या दिवशी साऱ्या देशात कामगारांनी पेढे वाटले. पाच वर्षांनी, २००१ च्या ऑगस्टमध्ये, पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. ठेका बंद झाला तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले. पेढ्यांची चव तोंडात असतानाच तोंड कडू झाले.

२०२१ च्या ऑक्टोबरात कालिन्याच्या वसाहतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना, कंपनी खाजगी झाल्यावर सहा महिन्यांत घरे सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांकडे परत गेली. आणि १६ जुलै २०२४ रोजी त्याच कालिन्यात लोडर आणि हरकाम्याच्या जागांसाठी मुलाखती ठेवल्या, तेव्हा हजारो तरुण रस्त्यावर लोटले. चेंगराचेंगरी होते की काय असे वाटू लागले, तेव्हा अर्ज ठेवा आणि घरी जा, असे त्यांना सांगावे लागले. त्यांत पदवीधर होते. आदल्या रात्रीपासून बाहेरगावाहून येऊन बसलेले होते. जागा मुदतीच्या कराराच्या. दादांनी दूरचित्रवाणीवर ती गर्दी पाहिली आणि आम्हांला विचारले, "एवढी पोरे कशाला जमलीत? नवीन विमान आलेय का?"

ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीचे पहिले सातशे सात हौशी लोकांनी आणि जुन्या इंजिनिअरांनी मिळून इंग्लंडात दुरुस्त केले, २००६ साली ते उडवत मायदेशी नेले, आणि आज ते लाँगरीच गावच्या संग्रहालयात उभे आहे. मुंबईत तसे एकही उभे नाही. हौशी मंडळींची ही खंत रास्त आहे, आणि उद्या त्यांनी संग्रहालयाची मागणी केली तर आमची युनियन त्यांच्या अर्जावर सही करील. फक्त अट एवढीच की त्या संग्रहालयात विमानाचे पोट उघडे ठेवावे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दोन मिनिटे आत गुडघ्यांवर बसू द्यावे.

तोवर आम्ही एक लहानसे काम हाती घेतले आहे, त्याची माहिती देऊन रजा घेतो. दर रविवारी सकाळी दहा ते एक आमची अंधेरीची कचेरी उघडी असते. ज्यांच्या घरी विमानतळावर काम केलेले कोणी होते किंवा आहे, त्यांनी त्यांचे गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, पाळीची पत्रके, संपाची हस्तपत्रके, हँगरमध्ये काढलेली छायाचित्रे घेऊन यावे. आम्ही प्रत काढून मूळ कागद तिथल्या तिथे परत करतो. कानांच्या तपासणीचा जुना कागद कोणाकडे असेल तर तो अवश्य आणावा. मग तो कोणत्याही कंपनीचा असो. छायाचित्रातली माणसे ओळखणारे कोणी घरात हयात असतील तर त्यांनाही बरोबर आणा, म्हणजे मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहून घेता येतील. मात्र थोडे मोठ्याने बोलावे लागेल, कारण दादा तेथेच बसलेले असतात.